लेक्सस एससी ४०० रोज चालवायची असेल तर

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना लेक्ससची एससी ४०० अजूनही समोर येते. दोन दारं, चार लिटरचं व्ही-८ इंजिन, आत चामडं आणि लाकूड, शांतपणे पळणारी मोठी गाडी. १९९२ ते २००० या मॉडेल वर्षांत ती तिथे विकली गेली. ही गाडी रोज ऑफिसला नेता येईल का, असा प्रश्न खूपदा येतो. नेता येते, आणि सुखाने नेता येते. फक्त विकत घेतल्यावर पहिले तीन महिने तिच्यावर काम करायची तयारी हवी. घेतली आणि सोमवारपासून कामाला जुंपली, असं केलं तर ती हमखास रस्त्यात उभी राहते.

जाहिरातीत मैलांचा आकडा ठळक छापलेला असतो. मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि पहिल्यांदा पावत्या बघतो. १,८०,००० मैल चाललेली, दर कामाची पावती असलेली एससी रोजच्या वापराला चांगली. ४०,००० मैल चालून पंधरा वर्षं झाकून ठेवलेली गाडी दिसायला देखणी, पण तिचे सगळे रबरी होज, ऑइल सील आणि बुश वाळलेले असतात, टाकीत शिळ्या पेट्रोलचा वार्निशसारखा चिकट थर जमलेला असतो आणि ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना जाम झालेल्या असतात. या गाडीचं इंजिन झिजून बाद झाल्याची उदाहरणं कमीच. तिला त्रास देतं ते वय: रबर, प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटातले कॅपॅसिटर.

आधी कोणती घ्यायची ते ठरवा. १९९२ ते १९९५ च्या एससी ४०० मध्ये २५० अश्वशक्तीचं १यूझेड-एफई इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९९८ पासून व्हीव्हीटी-आय, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेप्रमाणे बदलणारं तंत्र आलं, शक्ती २९० झाली आणि गिअर पाच झाले. तिचीच बहीण एससी ३००. तिच्यात २२५ अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं २जेझेड-जीई, आणि १९९७ पर्यंत पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळायचा. स्वतः पाना हातात घेणाऱ्याला एससी ३०० सोपी, कारण सहा सिलिंडर एका ओळीत असल्याने इंजिनाच्या आजूबाजूला हात जायला जागा मिळते. व्ही-८ ची मऊ, आवाज न करता येणारी ओढ मात्र तिच्यात नाही. ती ओढ हवी असेल तर एससी ४०० घ्या. पुढचं बहुतेक लिखाण तिच्याबद्दल आहे.

सुट्या भागांचं गणित समजून घ्या. गाडीचा आकार टोयोटाच्या कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी स्टुडिओत घडला. कागदावर रेघा ओढण्याआधी त्यांनी प्लास्टरचे गोलसर नमुने घडवून हा आकार शोधला होता. त्यामुळे पत्रा, दिवे आणि काचा फक्त एससीच्याच आहेत, बाहेरच्या दुसऱ्या मॉडेलचं काही बसत नाही. सांगाड्याचा पाया मात्र टोयोटाच्या १९९३ च्या सुप्रा या स्पोर्ट्स कारशी सामायिक, आणि इंजिन लेक्ससच्याच एलएस ४०० या सेडानचं. म्हणून इंजिनाचे आणि सस्पेन्शनचे बरेच भाग आजही मिळतात, पण हेडलाइट फुटला तर भंगारवाल्यांकडे महिनाभर शोधावं लागतं. घेताना हेडलाइट, मागचे दिवे, बंपरच्या पट्ट्या आणि दारांचे हॅन्डल पूर्ण आहेत ना, हे इंजिनाइतकंच बारकाईने बघा.

आता खऱ्या कामाकडे. बॉनेट उघडा, टॉर्च लावा आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप शोधा. त्याच्या बरोबर खाली बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आहे. अल्टरनेटरच्या जाळीवर बोट फिरवा. बोटाला चिकट, काळपट, धुळीने घट्ट झालेला थर लागला तर तो वरून टपकलेल्या तेलाचा आहे. या गाडीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ याच थेंबात असतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये गिअरबॉक्सचंच लाल तेल म्हणजे एटीएफ असतं. ते जाळीतून आत झिरपतं, कार्बन ब्रशच्या भुकटीत मिसळून लगदा होतं आणि चार्जिंग ढासळतं. गाडी सुरू ठेवून, हेडलाइट आणि काचेचा डीफॉगर लावून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. १३ च्या खाली गेलं की अल्टरनेटर बदलायची घाई होते, आणि तिथेच पैसे वाया जातात. गळती तशीच ठेवून बसवलेला नवा अल्टरनेटरही त्याच मार्गाने जातो.

गळती शोधायचा क्रम सोपा. इंजिन थंड असताना पंपाचा परिसर डीग्रीझरने धुवा, कोरडा करा, दोन दिवस चालवा आणि पुन्हा बघा. पहिला संशय तेलाची टाकी पंपावर बसते तिथल्या ओ-रिंगवर. ती वाळून कडक झालेली असते आणि काही डॉलरचीच असते. दुसरा संशय परतीच्या होजवर आणि त्याच्या क्लॅम्पवर. तिसरा जास्त दाबाच्या होजच्या जोडावर. हे सगळं कोरडं असेल आणि तरी पुलीच्या मागून तेल येत असेल तर पंपाचं शाफ्ट सील गेलं. पंप काढून सीलचा संच बसवता येतो. बाजारातला स्वस्त रीबिल्ट पंप घेण्यापेक्षा मूळ पंपाला नवे सील बसवणं मला जास्त खात्रीचं वाटतं, कारण मूळ पंपाच्या आतले भाग क्वचितच झिजतात.

याच पंपावर एक छोटा एअर व्हॉल्व्ह असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की इंजिनाचा वेग पडू नये म्हणून तो थोडी हवा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात, सोडतो. त्याच्या आतला पडदा गळू लागला की एटीएफ व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात. हेड गॅस्केट गेलं असं समजून लोक गाडी विकून टाकतात. व्हॉल्व्हची पातळ नळी उपसून बघा. आत लाल तेल दिसलं तर गुन्हेगार सापडला. कूलंटची पातळी जागेवर असेल तर खात्रीच झाली.

तिसरी गोष्ट. एससी ४०० चा रेडिएटरचा पंखा विजेवर नाही, हायड्रॉलिक आहे, तेलाच्या दाबावर फिरतो. त्याचं तेल कमी झालं की पंखा मंदावतो. महामार्गावर वारा मिळत असल्याने काटा मधोमध राहतो, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर वर चढू लागतो. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलून काही होत नाही. तेलाची पातळी बघा, पंख्याच्या मोटरपाशी गळती आहे का बघा. रेडिएटरही तपासा. वरची प्लास्टिकची टाकी मूळची काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालं आहे, तडा जाण्याआधी बदला. रेडिएटरसोबत वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन घ्या. यातलं काहीच जुनं ठेवण्यात बचत नाही.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. कंपनीचा आकडा ९०,००० मैलांचा. मी त्याला वयाची मर्यादाही लावतो: सात-आठ वर्षं झाली की बदलायचा. व्हीव्हीटी-आयच्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. सुरुवातीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह सहसा वाचतात, पण त्या भरवशावर रोज महामार्गावर जाऊ नये. आयसिन या कंपनीचा संच घेतला तर बेल्ट, दोन आयडलर पुल्या, हायड्रॉलिक टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र मिळतात. त्यात दोन्ही कॅमशाफ्टचे सील आणि क्रँकचं पुढचं सील जोडा. जुन्या मॉडेलात दोन डिस्ट्रिब्युटर आहेत, म्हणजे दोन कॅप आणि दोन रोटर. या कामात ते उघडावेच लागतात, तेव्हाच नवे टाका.

क्रँक पुलीचा बोल्ट या कामात सगळ्यांना दमवतो. तो साधारण २४५ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, त्यामुळे पुली धरून ठेवणारं हत्यार हवंच. स्टार्टर मारून बोल्ट सैल करण्याचा खेळ करू नका. टेन्शनरचा दट्ट्या व्हाइसमध्ये उभा धरून हळूहळू दाबायचा आणि भोकं जुळली की बारीक ॲलन की आत सारायची. झटक्याने दाबला तर आतलं सील फाटतं आणि नवा टेन्शनर महिन्याभरात गळतो. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि तिन्ही खुणा पुन्हा जुळतात का बघा. जुळल्या नाहीत तर उघडा आणि पुन्हा बसवा. एका दात्याचाही फरक चालवून घेऊ नये.

स्टार्टर, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत सेल्फ, या इंजिनात दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या दरीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलाय. बाहेरून दिसतही नाही. किल्ली फिरवल्यावर एकदाच ‘टक’ असा आवाज आला आणि पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली, तर डेन्सोच्या त्या स्टार्टरमधले तांब्याचे संपर्क झिजलेत. तांब्याचे दोन तुकडे आणि एक प्लंजर, एवढाच खर्च. मेहनत आहे ती तिथपर्यंत पोचण्याची. म्हणून पहिला ‘टक’ ऐकला की सुट्टीचे दोन दिवस बघून काम काढा. चालढकल केली तर गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमधून टो करूनच न्यावी लागेल.

मॅनिफोल्ड उघडलाच आहे तर त्याखालचं सगळं त्याच बैठकीत उरका. मॅनिफोल्डचे नवे गॅस्केट, आठ इंजेक्टरांच्या ओ-रिंग आणि रबरी बैठका, इंजिनातली ठोक्यासारखी खडखड ओळखणारे दोन नॉक सेन्सर, इंजिनाच्या मागच्या बाजूच्या पाण्याच्या जोडाचे गॅस्केट आणि तिथले छोटे कूलंट होज. नॉक सेन्सरचे कनेक्टर तीस वर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखे झालेले असतात, बोट लावताच खिट्टी मोडते. कनेक्टरचं नवं घर आधीच मागवून ठेवा. मॅनिफोल्ड उचलल्या क्षणी इनटेकच्या आठही तोंडांत स्वच्छ फडके कोंबा, आणि बसवताना ते मोजून बाहेर काढा. एक नट आत पडला तर सिलिंडर हेड उतरवावं लागतं.

आता इंजिनाचा कॉम्प्युटर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत हा हमखास येणारा रोग. पुढच्या प्रवाशाच्या बाजूला ग्लोव्हबॉक्सच्या मागे ईसीयूचा पत्र्याचा डबा असतो. त्याच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर पाझरतात आणि तो द्रव सर्किटच्या तांब्याच्या रेषा खातो. लक्षणं विचित्र असतात. गिअर उशिरा पडतात, सिग्नलला गाडी बंद पडते, कधी काहीच होत नाही. बॅटरीची ऋण वायर काढा, डबा उतरवा, झाकण उघडा आणि वास घ्या. सडलेल्या मासळीसारखा वास आला तर निदान झालं. कॅपॅसिटरच्या मुळाशी तपकिरी डाग आणि हिरवट पडलेले सोल्डर दिसेल. नवे कॅपॅसिटर १०५ अंश सेल्सिअस क्षमतेचे, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि ध्रुव न चुकवता बसवायचे. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून काढा, आणि खाल्लेली रेष असेल तिथे बारीक तार जोडा. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे काम करणाऱ्याला पाठवा, पण पाठवाच. लक्षणं दिसेपर्यंत वाट पाहिली तर दुरुस्ती अवघड होत जाते.

जुन्या मॉडेलात कोड वाचायला यंत्र लागत नाही. डायग्नोस्टिक डब्यातल्या टीई१ आणि ई१ या दोन भोकांत वायरचा तुकडा घाला, किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा एकसारखा भराभर लुकलुकला तर कोड नाही. ५२ किंवा ५५ आला तर नॉक सेन्सर किंवा त्याची वायर, २१ किंवा २८ आला तर ऑक्सिजन सेन्सर. वायर चुकीच्या भोकात गेली तर ईसीयू जळू शकतो, त्यामुळे झाकणावरची अक्षरं दोनदा वाचा. १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ हा कोड वाचण्याचा ठरलेला प्लग आहे, त्यांना साधा रीडर पुरतो.

पुढच्या सस्पेन्शनचा खालचा बॉल जॉइंट ही एकच गोष्ट अशी आहे की ती तपासल्याशिवाय गाडी घरापर्यंतही चालवू नये. तो सुटला तर चाक आतल्या बाजूला दुमडतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. तपासण्याची पद्धत: जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावा, टायर जमिनीपासून दोन बोटं उचला, आणि टायरखाली लोखंडी पहार घालून वर दाबा. जॉइंटमध्ये हालचाल दिसली किंवा रबरी टोपी फाटलेली असली तर दोन्ही बाजूंचे बदला. इथे अनोळखी ब्रँडचा स्वस्त भाग बसवू नका. टायरचंही असंच. ट्रेड भरपूर दिसतो, पण कडेला डॉटच्या अक्षरांनंतर चार आकडे असतात. ‘२३१५’ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुने टायर महामार्गावर नकोत.

गिअरबॉक्स चिवट आहे, त्याला फक्त स्वच्छ तेल लागतं. तळाचा बोल्ट उघडला की साधारण दोन लिटर एटीएफ येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून दोन लिटर काढा, तेवढंच भरा, काहीशे मैल चालवा, आणि असं तीन-चार वेळा करा. चार गिअरच्या गिअरबॉक्सला डेक्सरॉन जातीचं, १९९८ नंतरच्या पाच गिअरच्याला टोयोटाचं टी-फोर तेल. ही अदलाबदल करू नका.

एसीत अगदी जुन्या गाड्यांना आर-१२ गॅस होता. बॉनेटखालच्या लेबलवर कोणता ते लिहिलेलं असतं. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबलं, म्हणून आर-१३४ए वर न्यायचं तर सगळ्या ओ-रिंग, रिसीव्हर-ड्रायर आणि कॉम्प्रेसरचं तेल बदलून, नीट व्हॅक्यूम करून गॅस भरावा. वरून नुसता गॅस ढोसला तर कॉम्प्रेसर जातो. काचा मंद वर जात असतील तर आधी रबरी खाचांत सिलिकॉन ग्रीस लावा, मोटर बहुधा ठीक असते. मीटरच्या काट्यांचे दिवे एकेक करून विझतात. त्याने गाडी थांबत नाही, पण रात्री वेग कळत नाही, त्यामुळे काम काढावं. बॅटरी रातोरात उतरत असेल तर पॉवर अँटेना आणि नाकामिची या ब्रँडच्या स्टिरिओचा ॲम्प्लिफायर यांचे फ्यूज काढून करंट मोजा. गाडी बंद करून तासाभराने ५० मिलिॲम्पिअरच्या आत असायला हवा.

पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. शहरात गॅलनला सोळा-सतरा मैल आणि महामार्गावर बावीस-तेवीस मिळाले तर गाडी निरोगी आहे असं समजा. म्हणजे लिटरला सात ते दहा किलोमीटर. दारं लांब आणि जड आहेत, पण बिजागरी अशी की दार उघडताना थोडं पुढेही सरकतं, त्यामुळे अरुंद पार्किंगमध्येही बाहेर पडता येतं. मागच्या सीटवर मोठं माणूस तासभर बसू शकत नाही. मुलांना शाळेत सोडायचं काम रोजचं असेल तर ही गाडी घरातली दुसरी असावी. बाजूच्या एअरबॅग नाहीत, स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, चाकं मागची ओढतात. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या हिवाळ्यात चारही बर्फाचे टायर घातल्याशिवाय चालवू नका, आणि रस्त्यावरच्या मिठामुळे दर पंधरा दिवसांनी खालून धुवा. मागच्या चाकांच्या कमानी आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या आधी गंजतात.

विम्याचा विचार घेण्याआधी करा. संग्राह्य गाड्यांचा ठरलेल्या रकमेचा विमा स्वस्त असतो, पण त्यात रोज ऑफिसला नेण्याची मुभा सहसा नसते. साध्या विम्यात कंपनी बाजारभाव देते, आणि तीस वर्षांच्या गाडीचा बंपर व हेडलाइट तुटला तरी ती ‘टोटल’, म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी, ठरू शकते. म्हणून बरेच फोटो काढून ठेवा आणि केलेल्या कामाच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा.

पैशांचं माझं गणित असं: गाडीची जी किंमत, तेवढीच रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला. ऑफिसला नेण्याआधी बॉल जॉइंट, टायर, ब्रेकचं तेल, रेडिएटर आणि तेलाची गळती. तीन महिन्यांत टायमिंग बेल्ट, ईसीयू, गिअरबॉक्सचं तेल. त्यानंतर स्टार्टर, एसी, बुश. दुसऱ्या वर्षापासून दर पाच हजार मैलांना पाच लिटर ५डब्ल्यू-३० ऑइल आणि फिल्टर, दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल, एवढ्यावर भागतं.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांना ही गाडी आणता येणार नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं, असा नियम आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांना मात्र हीच गाडी उजव्या स्टिअरिंगची, टोयोटा सोअरर या नावाने जपानहून आलेली सापडते. तिथे यूझेडझेड३२ या सांकेतिक नावाची मिळाली तर रोजच्या वापराला घेऊ नका. तिचं हायड्रॉलिक ॲक्टिव्ह सस्पेन्शन दुरुस्त करणारा शोधणं फार अवघड.

डिकीत एक लिटर एटीएफ, एक लिटर कूलंट, मल्टिमीटर, टॉर्च, टीई१-ई१ साठी वायरचा तुकडा आणि दहा मिलिमीटरचा सॉकेट ठेवा. दर रविवारी सकाळी थंड इंजिनावर स्टिअरिंगच्या टाकीची पातळी बघा आणि अल्टरनेटरच्या जाळीवर बोट फिरवा.